सेरोटोनिनची गोळी आणि सेरोटोनिनची कमतरता

'मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, म्हणून डिप्रेशन आलंय.' व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डपासून शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांपर्यंत हे वाक्य इतकं रुळलंय की ते ऐकून आता वैताग येतो. सेरोटोनिन म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी डिप्रेशनमध्ये फरक पडतो, याला भक्कम पुरावा आहे. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं, याला तसा पुरावा नाही.

पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत असते. फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी दोन चेतापेशींमधल्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढू देत नाही, म्हणून ते तिथे जास्त वेळ टिकतं. 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 21 औषधांच्या 522 चाचण्यांचा आढावा आला. मोठ्या माणसांमध्ये ही सगळी औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली. फरक अफाट नव्हता, पण होता.

घोळ होतो तो पुढे. औषध जिथे लागू पडतं तिथेच आजाराचं मूळ असणार, असं आपण धरून चालतो. समजावताना मधुमेहाचा दाखला हमखास दिला जातो: इन्सुलिन कमी, म्हणून इन्सुलिन द्यायचं. मला हा दाखला मुळीच मान्य नाही. टाइप 1 मधुमेहातली कमतरता मोजून दाखवता येते. डिप्रेशनसाठी तशी तपासणीच नाही. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तातून ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळे रक्त तपासून मेंदूतल्या सेरोटोनिनचा अंदाज बांधणं व्यर्थ आहे.

शिवाय वेळेचं गणित जुळत नाही. गोळी आपलं काम काही तासांत सुरू करते, पण माणसाला बरं वाटायला काही आठवडे जातात. नुसती तूट भरायची असती, तर एवढा वेळ का लागला असता? त्या आठवड्यांत मेंदूत काय बदलतं, हा खरा प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांचं काम या प्रश्नाभोवतीचं आहे. त्याबद्दल त्यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्यांच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत फ्लुऑक्सेटिन दिलं. मोठेपणी ते उंदीर बिनधास्त व्हायला हवे होते; उलट ते जास्त भित्रे निघाले. त्याच काळात सेरोटोनिनचे ठरावीक रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागांना ते चिकटतं त्या), 5-एचटी2ए आणि 2सी, औषधाने बंद ठेवले, तर ही भीती मागे राहिली नाही. म्हणजे चिंता आणि उदासी कमी करण्यासाठी मोठेपणी देतात तेच औषध कोवळ्या वयात नेमकं उलटं वागलं. सेरोटोनिन किती आहे एवढंच पाहून भागत नाही. ते कोणत्या वयात आणि कोणत्या रिसेप्टरवर पोचतं, यावर सगळं ठरतं. 2019 मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की 2ए रिसेप्टरमार्फत सेरोटोनिन चेतापेशींना जास्त मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे पेशीतले घटक, तयार करायला लावतं, थोडक्यात पेशीच्या ऊर्जेतही त्याचा हात आहे. अशा रेणूला 'आनंदाचं रसायन' म्हणणं मला अडाणीपणाचं वाटतं.

हीच गल्लत उलट्या बाजूनेही होते, आणि ती जास्त घातक आहे. कमतरतेच्या सिद्धांताला ठोस आधार नाही, असं सांगणारा आढावा 2022 मध्ये आला आणि लगेच 'म्हणजे गोळ्या थोतांड' असा निष्कर्ष फिरू लागला. पण मूळ कारण माहीत नसतानाही औषध लागू पडू शकतं. ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावर, म्हणजे बायपोलर आजारातल्या अतिउत्तेजित अवस्थेवर, लिथियम गुणकारी असल्याचं मांडलं. बायपोलर आजार लिथियमच्या कमतरतेने होतो असं कोणी म्हणत नाही, तरी ते आजही दिलं जातं. त्यामुळे सिद्धांत कोसळल्याचं वाचून चालू गोळी एकदम सोडू नका. चक्कर, उडालेली झोप, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. सोडायचीच असेल, तर मनोविकारतज्ज्ञाला विचारून हळूहळू डोस उतरवा.