ऐरोलीतलं एक घर आणि बेरोजगारीचा दर

एका सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन कात्रणं आली. एकात ‘बेरोजगारी घटली’, दुसऱ्यात ‘बेरोजगारी वाढली’. तासाभरात वाद पेटला. कुणी म्हणालं, आकडे कार्यालयात बसूनच तयार होतात. कुणी म्हणालं, पेपरवाले विकले गेलेत. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला गप्प बसवेना. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, हे लोकांना नीट सांगितलंच जात नाही.

जुलै 2023 ते जून 2024 या वर्षाचंच बघा. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाचं जे श्रमशक्ती सर्वेक्षण असतं, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात, त्यात पंधरा वर्षांवरच्यांसाठी देशाचा बेरोजगारीचा दर एका मापाने 3.2 टक्के निघाला आणि दुसऱ्या मापाने 4.9 टक्के. सर्वेक्षण तेच आणि घरंही तीच. फरक फक्त प्रश्नात होता. पहिल्या मापात विचारतात, ‘गेल्या वर्षभरात तुम्ही मुख्यतः काय करत होतात?’ वर्षातले तीसेक दिवस जोडकाम केलं असेल तर तेही धरतात. दुसऱ्या मापात फक्त मागचे सात दिवस विचारतात. भातलावणीला महिनाभर हात लागले आणि पुढे काहीच मिळालं नाही, असा माणूस वर्षाच्या मापात कामाला असतो, पण कोरड्या आठवड्यात गाठला तर बेरोजगार ठरतो. म्हणून आठवड्याचा दर सहसा जास्त दिसतो. ही विचारसरणी बरीच जुनी आहे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या समितीने 1970 साली सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात एकाच आकड्याने बेरोजगारी मोजता येणार नाही. 1972-73 च्या सर्वेक्षणाच्या फेरीपासून अशी वेगवेगळी मापं वापरात आली.

एप्रिल 2025 पासून दर महिन्याला जो आकडा बातम्यांत येतो तो आठवड्याचा. पहिल्याच महिन्यात तो 5.1 टक्के होता. त्याची तुलना कुणी जुन्या 3.2 शी केली, तर एका महिन्यात देश बुडाला असंच वाटेल.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. बेरोजगारीचा दर हा अपूर्णांक आहे. वर बेरोजगार आणि खाली श्रमशक्ती, म्हणजे काम असलेले अधिक काम मागणारे. खाली सगळी लोकसंख्या नसते. बहुतेक गोंधळ या छेदामुळे होतो, आणि तो मला माझ्याच घरात बघायला मिळाला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमचं घर या सर्वेक्षणात निवडलं गेलं. सर्वेक्षणाची माहिती घ्यायला आलेल्या मुलीला वॉचमनने अडवून ठेवलं होतं, तिला मी वर घेऊन आलो. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. प्रत्येक माणसाच्या नावापुढे ती एक दोन आकडी खूण टाकत होती. पेन्शनवर जगणारा मी 94. घरकाम करणारी पत्नी 92. पगारी नोकरीतला मुलगा 31. नात सातवीत, म्हणजे पंधराच्या आत, दरात ती धरली जात नाही. सुनेचा नंबर आला तेव्हा उत्तर मीच दिलं, ‘ती घरीच असते.’ मुलीने 92 टाकायला बोट पुढे नेलं, पण नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, ‘काम मिळालं असतं तर त्यांनी केलं असतं का?’

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. ‘केलं असतं. अर्ध्या दिवसाचं मिळालं तर आजपासून करीन.’

मुलीने 82 ही खूण टाकली. कामाच्या शोधात फिरत नाही, पण मिळालं तर तयार आहे, असा तिचा अर्थ. आपल्याकडच्या आठवड्याच्या मापात असा माणूस बेरोजगार धरतात. आता हिशेब करा. माझं उत्तर टिकलं असतं तर आमच्या घरात श्रमशक्तीत एकटा मुलगा, बेरोजगार कुणी नाही, दर शून्य. सुनेच्या उत्तरानंतर श्रमशक्तीत दोन माणसं, त्यातली एक बेरोजगार, दर पन्नास टक्के. घरात काडीही हलली नव्हती. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने दिलं, एवढंच. अनेक घरांत हे उत्तर सासरे, सासू किंवा नवरा देतो, हे लक्षात घ्या.

हाच छेद राज्यांच्या तुलनेतही फसवतो. त्याच 2023-24 मध्ये वर्षाच्या मापाने केरळचा दर 7.2 टक्के होता आणि मध्य प्रदेशचा एक टक्क्याच्या आसपास. म्हणून केरळचे तरुण मध्य प्रदेशात कामाला जात आहेत का? शिकलेली मुलं हव्या त्या कामासाठी थांबू शकतात, घर त्यांना तेवढे दिवस पोसू शकतं, आणि तेवढे दिवस ती बेरोजगार म्हणून मोजली जातात. ज्याला आज न कमावता चालणार नाही तो मिळेल ते करतो, आणि मिळेल ते केलं की तो ‘रोजगारात’ जातो. कमी दर म्हणजे सुबत्ता, हे समीकरण डोक्यातून काढायला हवं.

उलटंही होतं. 2017-18 मध्ये देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी 23.3 टक्के श्रमशक्तीत होत्या, 2023-24 मध्ये 41.7 टक्के. ही उडी मोठी आहे आणि तिचं स्वागतही झालं. पण वाढीचा मोठा भाग खेड्यातला, आणि त्यात खूण 21 ठळक आहे: घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत. ते काम खरं आहे, ते मोजलं गेलंच पाहिजे. फक्त त्याला कुणी नवी नोकरी म्हणू नये.

सर्वेक्षणाची मुलगी एकदाच येऊन जात नाही. त्याच घरी ती सलग चार महिने येते, म्हणजे बदल माणसाचा आहे की नमुन्याचा, म्हणजे निवडलेल्या घरांचा, हे कळतं. दुसऱ्या भेटीत सून 82 च होती. तिसऱ्या भेटीपर्यंत तिने चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. पण भेट पडली दिवाळीत. मुलं गावाला गेलेली, आठवड्यात एक तासही शिकवणी नाही. तरी तिच्यापुढे 62 पडलं: स्वतःचं काम आहे, सध्या सुट्टी आहे. म्हणजे रोजगारात.

त्याच आठवड्यात सकाळी मी नाक्यावरून दूध आणायला गेलो तर नेहमीचे बिगारी, गवंडी, रंगारी उभे होते. एरवी दीड-दोनशे असतात, त्या दिवशी वीसेक. रंगाऱ्याच्या पिशवीतून ब्रशचा दांडा बाहेर आलेला, ब्रश कोरडा. ‘चार दिवस काम लागलं नाही, साहेब.’ दिवाळीच्या आधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रोजंदारीच्या माणसाला सुट्टीची खूणच नाही. पगारी माणसाला ती आहे, स्वतःचा धंदा असलेल्याला आहे, याला नाही. आठवडाभरात एकही हजेरी पडली नाही तर तो सरळ बेरोजगार. मला हे मापाचं वैगुण्य वाटत नाही. त्याची परिस्थितीच तशी आहे, आणि खुणा ती जशीच्या तशी पकडतात.

‘आठवड्यात एक तास काम केलं तरी रोजगार? ही तर फसवणूक!’ असा मेसेज दर महिन्याला फिरतो. एका तासाची अट आंतरराष्ट्रीय आहे, 1982 पासून जगभर मान्य आहे. शिवाय इथे प्रत्येक दिवसाचे तास वेगळे लिहून घेतात. माहिती असते, मथळ्यात येत नाही.

आमचं ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून आता ठाण्याकडे. ‘ठाणे जिल्ह्यातली बेरोजगारी 4.8 वरून 5.2’ असं कुणी छापलं तर काय समजावं? समजा जिल्ह्यात श्रमशक्तीतली हजार माणसं नमुन्यात आली आणि दर 5 टक्के निघाला. नमुन्यामुळे आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो, ती प्रमाणत्रुटी. इथे ती म्हणजे 0.05 गुणिले 0.95 भागिले 1000 याचं वर्गमूळ, साधारण 0.7 टक्का. तिच्या दुपटीएवढी जागा दोन्ही बाजूंना सोडायची, म्हणजे खरा दर 3.6 ते 6.4 मध्ये कुठेही असू शकतो. त्यात नमुना घराघराने नाही, गठ्ठ्याने निवडतात: आधी एक छोटा भाग, मग त्यातली काही घरं. शेजारी एकमेकांसारखे असतात. एका चाळीत सगळे लूमवाले, एका टॉवरमध्ये सगळे आयटीवाले. त्यामुळे हजार माणसांतून हजारांइतकी माहिती मिळत नाही, आणि ही पट्टी आणखी रुंद होते. 4.8 आणि 5.2 तिच्यात सहज मावतात. जानेवारी 2025 पासून नमुन्याची आखणी जिल्हा धरून करतात, हे फार चांगलं झालं. पण जिल्ह्याचा महिन्या-महिन्याचा चढउतार वाचायला तेवढं पुरेसं नाही.

ठाण्याची जुनी तुलनाही जपून करावी. 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 10 लाखांवर वस्ती असलेला जो ठाणे जिल्हा दिसतो, त्यात जव्हार-मोखाडाही आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. आणि सर्वेक्षण माणूस राहतो तिथे मोजतं, काम करतो तिथे नाही. वाशीच्या एपीएमसीत माथाडी काम करणारा पनवेलला राहत असेल तर तो रायगडच्या खात्यात. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आहे रायगडात, पण तिथे नोकरीला लागलेली ऐरोलीची मुलगी ठाण्याचा दर सुधारते.

म्हणूनच ‘अमुक लाख रोजगार येणार’ या घोषणांवर मी विश्वास ठेवत नाही. पीएफच्या नव्या नावांनाही नवा रोजगार म्हणू नये: जुन्याच दुकानात विसावा माणूस लागला, पीएफ लागू झाला, की आधीच्या एकोणीस जणांचीही खाती निघू शकतात. आणि ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात ‘चोवीस तासांत नोकरी, शंभर टक्के गॅरंटी’ म्हणून बाबांची पत्रकं चिकटवलेली असतात, ती तर फाडूनच टाकावीत. खूण 81, म्हणजे कामाच्या शोधात असलेल्या मुलांच्या खिशातले शेवटचे पैसे तिथे जातात.

नोव्हेंबरमध्ये ती मुलगी शेवटची आली. या वेळी टॅबसमोर सून स्वतः बसली. खूण पडली 11, स्वतःचा व्यवसाय. तास तिने बोटांवर मोजून सांगितले: सोमवार ते शुक्रवार रोज दोन, शनिवारी एक. मुलीने अकरा लिहिले आणि यादीतला आणखी एक प्रश्न वाचला, ज्याचं उत्तर कुठल्याच मथळ्यात येत नाही: ‘आणखी काम मिळालं असतं तर किती तास केलं असतं?’

सुनेने घड्याळाकडे बघितलं. ‘रोज चार लिहा.’