मेलेले जिवाणू, धडधाकट मासे

माशांच्या खाद्यात उपयुक्त जिवाणू जिवंत मिसळायचे, ही प्रोबायोटिकची कल्पना मत्स्यशेतीत चांगलीच रुळली आहे. घोडं अडतं ते खाद्य बनवताना. तरंगतं खाद्य ज्या यंत्रातून निघतं, त्यात पिठाचा लगदा दाबाखाली १०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, त्यातून तग धरू शकतात, लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचा मात्र निभाव लागत नाही. म्हणून तो नंतर तेलात कालवून गोळ्यांवर चढवतात. तरीही साठवणीच्या उष्म्यात त्याची संख्या घटतच जाते.

पण जिवाणू मेला म्हणून त्याचा उपयोग संपत नाही. २०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘पोस्टबायोटिक’ची व्याख्या ठरवली: आरोग्याला फायदा देणारे निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक. मत्स्यशेतीत हा शब्द जरा सैलपणे वापरतात, जिवाणूंनी तयार केलेली आम्लं आणि शर्कराही त्यात धरतात.

माशांना याचा फायदा का व्हावा, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. माशाला आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी अस्थिमज्जा नसते, लसिकाग्रंथीही नसतात. ते काम बरंचसं डोक्याकडचं मूत्रपिंड आणि प्लीहा करतात. प्रतिपिंडं बनतात, पण सावकाश, आणि पाणी थंड असेल तर आणखीच सावकाश. त्यामुळे सारी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर. तिचे ग्राही, म्हणजे पेशींवरचे ओळख पटवणारे रेणू, जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे तुकडे ओळखतात. तो जिवंत आहे की मेलेला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुकडा ओळखला की भक्षक पेशी सावध होतात, लायसोझाइमसारख्या संरक्षक द्रव्यांचं प्रमाणही वाढू शकतं.

लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा ‘एल-१३७’ हा वाण (त्या जिवाणूचा एक उपप्रकार) फिलिपिन्समधल्या आंबवलेल्या मासे-भातातून मिळाला. उष्णतेने मारलेला हाच वाण खाद्यातून दिल्यावर नाइल तिलापिया या माशाची वाढ आणि प्रतिकारशक्ती दोन्ही सुधारल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

वाढीमागे आतड्याचाही हात असतो. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लांपैकी ब्युटिरेट हे छोटं मेदाम्ल आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं इंधन. अस्तराच्या घड्या उंच झाल्या की शोषणाचं क्षेत्रफळ वाढतं आणि तेवढ्याच खाद्यात जास्त वजन भरतं. मत्स्यशेतीत बहुतेकदा सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच, त्यामुळे हा फायदा लहान नाही. शिवाय मेलेला जिवाणू तळ्यात वाढत नाही. वाढीसाठी प्रतिजैविकं देण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली, तेव्हापासून अशा पर्यायांची निकड वाढलीच आहे.

मर्यादाही आहेत. रोगजंतूंशी जागेसाठी झगडणं किंवा आतड्यात बसून विकरं तयार करत राहणं मेलेल्या जिवाणूला जमत नाही. प्रतिकारशक्ती चेतवणारे घटक महिनोन्‌महिने सतत दिले तर परिणाम ओसरू शकतो. विरघळलेला ऑक्सिजन कमी आणि अमोनिया जास्त असलेल्या पाण्यात तर कुठलंच पूरक खाद्य पुरं पडत नाही. म्हणूनच एखादं पूरक पारखताना वाढलेलं वजन तेवढं बघू नये. त्यात कोणता वाण आहे, तो कसा मारला, आणि पुढे एरोमोनाससारख्या जंतूचा मुद्दाम संसर्ग केल्यावर साधं खाद्य खाणाऱ्या माशांपेक्षा किती जास्त मासे जगले, हेही विचारायला हवं.