हिवाळ्याने निवडलेलं सफरचंद

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात सप्टेंबर लागला की शनिवार-रविवारी सफरचंदाच्या बागांमध्ये जत्रा भरते. इथली आपली मराठी मंडळीही पोराबाळांसकट पिशव्या घेऊन हजर असतात. बहुतेकांना हवं असतं 'हनीक्रिस्प'. दात लावला की कडाडकन तुकडा सुटतो आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. तेच झाड जानेवारीत बघावं. उणे ३० अंशांत उभ्या काळ्या काटक्या, बुंध्याला सशांपासून राखायला गुंडाळलेली जाळी. आत जीव आहे का, हे बघायचं तर नखाने डहाळी खरवडायची. सालीखाली हिरवं दिसलं तर आहे, तपकिरी दिसलं तर गेली.

सफरचंदाला थंडी लागतेच. हिमाचलातले बागवान हिवाळ्यातले थंडीचे तास उगाच मोजत नाहीत. ते कमी पडले तर कळ्या नीट फुटत नाहीत. पण अति थंडीत वेगळाच खेळ चालतो. लाकडातल्या जिवंत पेशींमधलं पाणी शून्याच्या खूप खाली गेलं तरी गोठत नाही, तसंच द्रवरूपात तग धरून राहतं. उणे ४० च्या आसपास मात्र ही युक्ती संपते. पाणी एकाएकी गोठतं आणि पेशी मरतात. त्यात फेब्रुवारीचं ऊन फसवं. दुपारी बुंध्याची नैर्ऋत्येकडची बाजू तापते, सूर्य मावळताच गोठते, आणि साल उभी चिरते. बुंध्याला पांढरा रंग देतात तो यासाठी, शोभेसाठी नव्हे.

पीटर गिडियन १८५३ मध्ये मिनेसोटातल्या मिनेटोन्का तळ्याकाठी राहायला आला तेव्हा हे शास्त्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने सफरचंदाची झाडं लावली, वर पोतंभर बिया पेरल्या. एकेका हिवाळ्यात बाग विरळ होत गेली आणि काही वर्षांत हातात उरलं एकच रोप. गाठीला आठ डॉलर होते आणि अंगावर धड कोट नव्हता. त्याने ते डॉलर मेन राज्यातल्या बँगॉरला धाडून बिया नि कलमकाड्या मागवल्या, आणि दोन जुन्या बंड्यांना विजारीचे पाय बाह्या म्हणून जोडून कोट शिवला, अशी कथा सांगतात. त्या बियांतून उगवलेलं एक झाड टिकलं, आणि फळही चांगलं निघालं. १८६८ मध्ये त्याला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलं, 'वेल्दी'. कोटाच्या पैशांतून बिया आणणाऱ्या नवऱ्याबरोबर तिने दिवस कसे काढले, ते मात्र कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

'वेल्दी'च्याही आधी, १८३५ मध्ये, 'डचेस ऑफ ओल्डनबर्ग' हे मूळचं रशियन वाण इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचलं होतं. १८७२-७३ च्या हिवाळ्याने उत्तरेकडच्या बागा झोपवल्या, तरी 'डचेस' उभं राहिलं. मग सगळ्यांचे डोळे रशियाकडे वळले. १८८२ मध्ये आयोवाचे प्राध्यापक जोसेफ बड आणि कॅनडाचे चार्ल्स गिब रशियाभर हिंडून वाणं गोळा करून आले. त्यांतल्या पुष्कळांनी निराशाच केली. थंडी सोसली, पण कुणाचं फळ टिकेना, तर कुणाला करपा रोग लागे.

खुद्द रशियातही हे सोपं नव्हतं. कोझलोव्ह गावच्या इवान मिचुरिनने, फळझाडांची नवी वाणं घडवणाऱ्या माणसाने, उमेदीची बरीच वर्षं एका चुकीच्या कल्पनेपायी घालवली. दक्षिणेकडच्या नाजूक वाणाचं कलम काटक झाडावर बांधलं की हळूहळू तेही थंडीला सरावतं, अशी ती कल्पना. झाडं सरावली नाहीत, मेली. पुढे त्याने दूरदूरच्या प्रदेशांतल्या झाडांचे संकर केले, त्यांतून पेरलेल्या रोपांतली सशक्त तेवढी ठेवली आणि बाकीची उपटून टाकली. १९३२ मध्ये त्याच्या गावालाच मिचुरिन्स्क नाव मिळालं. नंतर सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेंकोने त्याच्या नावावर जे खोटं शास्त्र खपवलं, त्याचं खापर माझ्या मते मिचुरिनवर फोडू नये. तो १९३५ मध्येच वारला होता.

सैबेरियाचं रानटी सफरचंद भयंकर काटक, पण फळ वाटाण्याएवढं. गोड, मोठं फळ हवं असलेल्या तिथल्या माळ्यांनी तिसरीच वाट काढली. त्यांनी झाडालाच आडवं पाडलं! क्रास्नोयार्स्कला व्सेव्होलोद क्रुतोव्स्कीने १९०४ मध्ये लावलेली अशी बाग आजही आहे. रोप कोवळं असतानाच फांद्या वाकवून आकड्यांनी जमिनीशी खिळवायच्या आणि वर जाणारे धुमारे छाटत राहायचं. झाड भोपळ्याच्या वेलासारखं पसरतं. हिमवर्षाव झाला की ते बर्फाच्या दुलईखाली जातं, आणि वरची हवा कितीही गोठली तरी जमिनीलगत बरंच उबदार राहतं. यात मेहनत अफाट, आणि बर्फ उशिरा पडला तर सगळंच धोक्यात.

मिनेसोटाने मात्र गिडियनचीच वाट धरली. पेरायचं आणि हिवाळ्याला निवडू द्यायचं. एक्सेलसियरजवळ १९०८ पासून विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र चालतं. तिथे १९६० मध्ये केलेल्या एका संकरातलं झाड १९७७ मध्ये थंडीने इतकं मार खाल्लेलं दिसलं की नोंदीत त्याच्यापुढे 'काढून टाका' असा शेरा पडला. नंतर केंद्रात आलेल्या संशोधक डेव्हिड बेडफर्डने त्याला आणखी एक संधी दिली. तेच १९९१ मध्ये 'हनीक्रिस्प' म्हणून बाजारात आलं.

त्याचे आईबाप म्हणून जी नावं नोंदवहीत होती, ती पुढे डीएनए तपासणीत खोटी ठरली. खरी वंशावळ जुळवली तेव्हा आजी-आजोबांच्या पिढीत एक ओळखीचं नाव निघालं: १८३५ मध्ये आलेलं रशियन 'डचेस'.