अल्बम करायचाय? मग बुकिंगच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, कणकवली, अगदी देवगडपासून पोरं-पोरी हल्ली आमच्या स्टुडिओत मालवणी रॅप घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो एका गाण्याचे किती घेता. रेट काऊंटरवर लावलेत. पण ज्यांच्याकडे पाच-सहा गाणी तयार आहेत, ग्रुप आहे, सोबत कोणी ढोलकी नायतर पखवाज वाजवणारा आहे, त्यांनी सुटी सुटी गाणी सोडत बसण्यापेक्षा एक अख्खा अल्बम करावा असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगायलाच हे पत्रक काढलंय.

उदाहरणाला एकच अल्बम घेतो, स्टुडिओत आलात की तोच पहिला लावतो आम्ही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा द रूट्स म्हणून बँड आहे. रॅपर ब्लॅक थॉट आणि ड्रमर क्वेस्टलव्ह, दोघं शाळेपासूनचे मित्र, सुरुवात रस्त्यावर वाजवण्यापासून. हिपहॉप, म्हणजे रॅपचं संगीत, म्हटलं की टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायचं यंत्र) आणि सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे) असं सगळीकडे असताना ह्यांच्याकडे खरा ड्रमसेट, खरा बेस, खरा कीबोर्ड. १९९३ ला पहिला अल्बम स्वतःच काढला, मग १९९५ आणि १९९६ ला मोठ्या कंपनीकडून दोन आले, जाणकारांनी वाखाणले पण खप बेताचाच. आणि मग २३ फेब्रुवारी १९९९ ला चौथा अल्बम आला, 'थिंग्ज फॉल अपार्ट'.

ह्याची सुरुवातच ऐकण्यासारखी आहे. गाणं नाही, एका सिनेमातलं भांडण आहे, दोन जॅझवाले वाद घालतायत की आपलेच लोक आपलं संगीत ऐकायला का येत नाहीत, एक म्हणतो चूक लोकांची, दुसरा म्हणतो तू त्यांना आवडेल ते वाजवतच नाहीस. आणि त्याच्यामागून एक आवाज येतो की हिपहॉपच्या रेकॉर्ड ऐकून फेकून द्यायच्या वस्तूसारख्या वागवल्या जातात, कला म्हणून तर सोडाच, माल म्हणूनसुद्धा त्यांना पुरता न्याय मिळत नाही. ही गोष्ट १९९९ ची आणि आपल्याकडे आज तेच चाललंय, शिमग्याला गाणं सोडायचं, आठ दिवस स्टेटसला फिरतं, गणपतीत नवीन, जुनं कोणाला आठवत पण नाही.

लोकांनी तो अल्बम कसा घेतला ते बघा. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम चार्टवर ४ नंबरला गेला, 'यू गॉट मी' ह्या गाण्याला २००० साली ग्रॅमी मिळालं, ५ लाख कॉप्यांचा गोल्डचा टप्पा पार करणारा त्यांचा हा पहिला अल्बम. अल्बमला स्वतःला बेस्ट रॅप अल्बमचं नॉमिनेशन होतं, पण ते बक्षीस रॅपर एमिनेमला गेलं. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, १० लाखांचं प्लॅटिनम सर्टिफिकेट आलं २०१३ ला, म्हणजे १४ वर्षांनी. एवढी वर्षं लोक तो घेत राहिले, ऐकत राहिले. त्यामुळे पहिल्या आठवड्याचे व्ह्यूज बघून आमचं फसलं म्हणून फोन करू नका, कृपा करून.

तो टिकला कशामुळे, तर आमच्या मते एका खोलीत वाजवल्यामुळे. बरंचसं काम न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत झालं, तिथेच त्या काळात गायक डी'अँजेलो, रॅपर कॉमन, गायिका एरिका बाडू ह्यांच्या अल्बमची पण कामं चालू होती, कलाकार एकमेकांच्या गाण्यात जाऊन वाजवत होते. सॅम्पल अजिबात नाहीत असं नाही, एक बीट तर डेट्रॉइटच्या जे डिला ह्या बीट बनवणाऱ्याचा आहे, पण क्वेस्टलव्हचा ड्रम मशीनसारखा घट्ट असूनही माणसाचा वाटतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, गजर कुठे चढवायचा हे बुवा पखवाजवाल्याकडे बघून ठरवतात ना, तसंच आहे हे, डाउनलोड केलेल्या बीटकडे बघून काय ठरवणार? म्हणून आम्ही पहिला टेक सगळ्यांना एकत्र बसवूनच घेतो, रॅपचा फायनल आवाज नंतर वेगळा.

आता पैशाचं आणि नावाचं. 'यू गॉट मी'ची ती प्रसिद्ध ओळ लिहिली गायिका जिल स्कॉटने, आधी गायली पण तिनेच, पण कंपनीला मोठं नाव हवं होतं म्हणून रेकॉर्डवर आवाज आला एरिका बाडूचा. बँडने मात्र जिलला टूरवर सोबत घेतलं आणि त्याच वर्षीच्या लाइव्ह अल्बममध्ये ते गाणं तिच्याच आवाजात आहे. आमच्याकडे रेकॉर्डिंगच्या आधीच एका कागदावर कोणी शब्द लिहिले, चाल कोणाची, वाजवलं कोणी, कोणाचा किती हिस्सा हे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो, ह्यात सूट नाही. मित्र-मित्र असलात तरी. शब्द आणि चाल ज्यांची त्यांनी आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) मेंबरशिप जरूर घ्यावी. आणि नेटवरून उचललेला बीट असेल तर लायसन्स दाखवा, नसेल तर ते गाणं आम्ही करत नाही.

थोडं टेक्निकल: फायली २४ बिटच्या वेव्ह फॉरमॅटमध्ये देतो, मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, उगाच कर्कश करत नाही कारण स्पॉटिफाय तसंही आवाज उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं, मग जोरात करून उपयोग काय. तिथे एका गाण्याला १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत हे पण धरून चला.

चामड्याची वाद्यं असतील तर जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. दमट हवेत पखवाजाचं पान सैल पडतं, सूर उतरतो, गट्टे ठोकून चढवला तरी गाणं संपेपर्यंत परत खाली. दिवाळीनंतर ते शिमग्याआधी, हा काळ सगळ्यात चांगला. चाकरमानी मेंबर गणपतीलाच गावाला येणार असतील तर पावसातही करू, एसी आणि डिह्युमिडिफायर चालू ठेवतो, फक्त वाद्यं आदल्या संध्याकाळी आणून ठेवा म्हणजे खोलीच्या हवेला बसतील.

येताना शब्द कागदावर लिहून आणा, मोबाइल आत नेता येत नाही. लाईट गेली तर तो वेळ बिलात धरत नाही.