खेळाडूबाह्य पात्र

टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळात जे पात्र कोणाही खेळाडूच्या वाट्याला येत नाही आणि ज्याची भूमिका खेळ चालवणारा सूत्रधार स्वतः वठवतो, ते खेळाडूबाह्य पात्र. खेळणारे त्याला सरसकट एनपीसी (नॉन-प्लेयर कॅरेक्टर) म्हणतात. प्रत्येक खेळाडू आपले एक पात्र सांभाळतो; खानावळवाली, नाकेदार, सावकार, दरोडेखोर, राजा हे बाकीचे सारे जग सूत्रधाराच्या तोंडून बोलते. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मुलाला हे समजावायचे तर दिवाळीचा किल्ला पुरे. महाराज गडावर बसतात, पण पायथ्याची गवळण, विहिरीवरची बाई आणि दारावरचा पहारेकरी मांडल्याशिवाय त्या मातीच्या ढिगाचा गड होत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळात अशा पात्रांना पहिल्यापासून जागा होती. खेळाडूला माणसे पगारी ठेवता येत. किती जण सोबत येतील आणि कितपत निष्ठेने राहतील, हे त्याच्या ‘करिश्मा’ या गुणावर ठरे. १९८१च्या बेसिक आवृत्तीत धैर्याचा आकडा आहे: लढाईत आपल्या बाजूची माणसे पडू लागली की दोन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली की पात्र पळ काढते किंवा शरण येते. हा नियम साधा दिसतो, पण फार मोलाचा आहे. समोरच्या माणसाला स्वतःचा जीव प्यारा आहे, हे तो खेळाडूंना विसरू देत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतल्या सामान्य माणसाचे सहाही गुण १० आणि प्राणगुण, म्हणजे मार सोसायची ताकद, अवघे ४. तलवारीच्या एका घावात तो आडवा होऊ शकतो.

आकड्यांनी पात्र मरते कसे ते कळते, जगते कसे ते कळत नाही. त्यासाठी त्याला स्वतःचे काहीतरी हवे असावे लागते. खानापूर तालुक्यातले कणकुंबी घेऊ. मलप्रभा तिथे उगम पावते, माउलीचे देऊळ आहे, चोर्ला घाटाची वाट तिथूनच गोव्याकडे जाते. खेळाडूंना भीमगडाच्या रानात शिरायचे आहे आणि सूत्रधाराने एक वाटाड्या उभा केला आहे. पैसे ठरतात. वाटाड्या म्हणतो, ‘‘चला की, काय भ्या नाही.’’ मग मान वळवून पोराला हळूच कन्नडमध्ये सांगतो, ‘‘नी बरब्याड.’’ तू येऊ नकोस. टेबलावर ज्याच्या पात्राला कन्नड येते, तेवढ्यालाच ते कळते. आता त्याने सोबत्यांना सांगायचे की गप्प राहायचे?

या पात्राला ना जादू येते, ना तलवार. त्याला कर्ज फेडायचे आहे आणि पोराला जपायचे आहे, एवढ्यावर ते उभे आहे. पात्राच्या कागदावर ‘येणाऱ्या भाषा’ असा रकाना असतो. बहुतेक ठिकाणी तो एकदा भरला की कोणी बघत नाही. सीमाभागात तो सगळ्यात जिवंत रकाना ठरू शकतो, कारण बाजारात मराठीत भाव विचारून शेजारच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करणारी माणसे इथे रोजची आहेत. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो, यावरून नाते कळते, भीती कळते, कधी लबाडीही कळते.

दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे सूत्रधाराचे लाडके पात्र: तेच लढते, तेच कोडे सोडवते, खेळाडू नुसते बघत बसतात. दुसरी म्हणजे दोन खेळाडूबाह्य पात्रांचे लांबलचक संभाषण; सूत्रधार स्वतःशीच बोलत राहतो आणि टेबल थंड पडते. अशा वेळी ‘त्या दोघांचे भांडण झाले’ एवढे सांगून पुढे जावे.

नाव मात्र आधीच ठरवून ठेवावे. खेळाडू ज्याला नाव विचारतात, त्याच्याकडे ते पुन्हा येतात, मग तो नाक्यावर कंदील धरून उभा असलेला शिपाई का असेना.