फासा पडण्याआधीचा निर्णय

सापशिडीत खेळणाऱ्याने ठरवायचे असे काहीच नसते. फासा सांगेल तितकी घरे चालायची आणि साप गिळेल तेव्हा खाली यायचे. बुद्धिबळात सारे पटावर उघडे असते, त्यामुळे मुरलेल्या खेळाडूपुढे नवखा बसला तर निकाल आधीच लागल्यासारखा असतो. गेल्या काही दशकांत मुख्यतः जर्मनीत बैठ्या खेळांची जी नवी परंपरा घडली, तिने या दोन टोकांमधली जागा शोधली. या खेळांत दैव किती आहे यापेक्षा ते आपल्या निर्णयाच्या आधी येते की नंतर, आणि त्याचा अंदाज कितपत बांधता येतो, यावर त्यांची गोडी ठरते, असे माझे मत आहे.

क्लाउस टॉयबर यांचा ‘कटान’ हा १९९५ साली आलेला खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. १९ षटकोनी तुकडे जोडून एक बेट तयार होते. त्यातले वाळवंट सोडले तर प्रत्येक तुकड्यातून लाकूड, विटा, लोकर, धान्य किंवा खनिज मिळते आणि त्यावर एक आकडा असतो. दोन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली की त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ज्यांची वस्ती आहे त्या सर्वांना, मग फासे कोणीही टाकलेले असोत, तो माल मिळतो. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांत ६ किंवा ८ ही बेरीज प्रत्येकी ५ प्रकारे येते, तर २ किंवा १२ फक्त एकेका प्रकारे. म्हणजे ६, ९ आणि ४ या आकड्यांचे तीन तुकडे जिथे मिळतात त्या बेचक्यात वस्ती केली तर अनुकूल प्रकार ५, ४ आणि ३ मिळून १२ होतात, आणि दर तीन फेकींमागे सरासरी एकदा काहीतरी हाती लागते. ८, ३ आणि ११ यांच्या बेचक्यात हेच प्रमाण चारात एक इतके उतरते. तरीही दुसऱ्या जागी विटा मिळत असतील आणि बाकी बेटावर विटांचा दुष्काळ असेल, तर तीच जागा घेणे शहाणपणाचे ठरू शकते. जागा आपण आधी निवडतो, दैव नंतर बोलते, पण ते कोणत्या मर्यादेत बोलणार हे आपल्याला ठाऊक असते.

राजारामपुरीतल्या आमच्या घरी पावसाळ्यातल्या रविवारी हा पट मांडला की खरी रंगत देवघेवीत येते. “आत्ती, तुझ्याकडं विटा लई साठल्यात, एक दे की, मी लोकर देते,” असे भाची म्हणते, तेव्हा तो सौदा दोघींच्याही फायद्याचा असतो, कारण मालाच्या हव्या त्या एका पानासाठी बँकेला एकाच जातीची चार पाने मोजावी लागतात. मात्र विजयाला १० गुण लागतात, आणि तिचे ८ झालेले असतील तर त्याच विटेची किंमत मनातल्या मनात पुन्हा करावी लागते.

फासे हातातून सुटतात त्या क्षणाच्या उत्सुकतेचा थोडा उलगडा मेंदूविज्ञानाने केला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित चेतापेशी जोराने उद्दीपित होतात, अपेक्षेप्रमाणे मिळाला तर त्या फारशा हलत नाहीत, आणि अपेक्षित रस चुकला तर मंदावतात. माकडांवरून माणसाच्या करमणुकीकडे थेट उडी मारणे धाडसाचे असले, तरी मुळात अपेक्षाच बांधता येत नसेल तर ती पुरी होण्याला किंवा चुकण्याला धार येत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक अशा अनेकांच्या मुलाखतींतून दाखवले की, आव्हान आणि कौशल्य तोलामोलाचे असले की माणूस वेळेचे भान विसरून कामात बुडतो. खासबागेत कुस्ती पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळे सांगायला नको. जोड तोडीस तोड लागली तरच मैदान श्वास रोखून बसते. घरात मात्र आजोबा आणि नात अशी विषम जोड असते, आणि फाशांतले थोडे दैव ती समान करते. शिवाय ‘व्यापार’मध्ये दिवाळे निघालेल्याला बाकीच्यांचा खेळ पाहत बसावे लागते, तसे ‘कटान’मध्ये होत नाही; शेवटपर्यंत सगळे डावात राहतात.

२००८ सालच्या मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’मध्ये तर सारे खेळाडू एका बाजूला आणि जगभर पसरणारे रोग दुसऱ्या बाजूला असतात. साथीचे पान निघाले की आधी बाधित झालेल्या शहरांची पाने पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवली जातात. त्यामुळे मुंबई नुकतीच येऊन गेली असेल तर ती लवकरच परत येणार हे कळते, पण नेमकी कधी ते कळत नाही. या रचनेला एक दुखणे मात्र आहे: सगळी माहिती उघडी असल्याने एखादा अनुभवी खेळाडू सर्वांच्या चाली ठरवू लागतो, आणि ज्यांचा निर्णय हिरावला गेला त्यांचा रस संपतो. आंत्वान बोझा यांच्या ‘हनाबी’त त्यावर सुंदर तोड आहे. तिथे आपली पाने इतरांना दिसतात, आपल्याला नाहीत; आणि एकमेकांना सूचना देण्यासाठी साऱ्या गटाकडे मिळून सुरुवातीला फक्त ८ सोंगट्या असतात.