‘माझा शेजारी कोण?’ : ख्रिस्ती प्रीतीमागचा इतिहास

मराठी पवित्र शास्त्रात ‘प्रीती’ हा शब्द पानोपानी भेटतो. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. मनातल्या ओढीपेक्षा त्याचा कल हातून घडणाऱ्या कृतीकडे जास्त. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञाही येशूच्या आधीची, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली. तेव्हा वाद आज्ञेचा नव्हता, शेजारी कोणाला म्हणायचं याचा होता.

नेमका तोच प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला आणि उत्तरादाखल त्याला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकायला मिळाली (लूक 10). यहूदी आणि शोमरोनी यांच्यात तेव्हा उभा दावा. तरी हा शोमरोनी यरुशलेमहून निघालेल्या, वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या एका माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. पुढचा तपशील मला सगळ्यात आवडतो: निघताना तो मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. इथे प्रीतीला हिशेबाचंही भान आहे.

पहिल्या मंडळीतली, म्हणजे ख्रिस्ती समुदायातली, कुरबूरही जेवणावरूनच झाली. रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली आणि त्यासाठी सात जण निवडावे लागले (प्रेषितांची कृत्ये 6). पुढे 251 च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की तिथली मंडळी 1500 हून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसते. त्याच शतकात अलेक्झांड्रियात साथ पसरली. तिथला बिशप डायोनिसियस लिहितो की अनेक ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतःच दगावले.

विरोधकाची साक्ष त्याहून बोलकी. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला सम्राट ज्युलियन (361 ते 363) आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गॅलिलीकर (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात! मग त्यानेही धर्मशाळा काढायला सांगितल्या.

साधारण 370 च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या कॅसरिया शहराचा बिशप बेसिल याने शहराबाहेर गरीब, प्रवासी आणि कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो की बेसिल कुष्ठरोग्यांना चुंबन देऊन भेटत असे. पण संस्था उभी राहिली की एक पळवाटही निघते: चर्चची धर्मशाळा आहे ना, मग पाहुणा माझ्या दारी कशाला? त्याच काळातला नामवंत ख्रिस्ती प्रवचनकार जॉन क्रिसोस्टम याने ही पळवाट तेव्हाच ओळखली. दुसरा प्रार्थना करतो म्हणून तुमची प्रार्थना सुटते का, असं त्याने श्रोत्यांना विचारलं आणि घरातली एक खोली पाहुण्यांसाठी ‘ख्रिस्ताची खोली’ म्हणून राखायला सांगितली.

नंतरच्या शतकांत मठ आले, सेवाभगिनींचे संघ आले, रुग्णालयं वाढली. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र आठवते लिझ्युची तेरेसा. कॉन्व्हेंटच्या चार भिंतींत राहणारी ही फ्रेंच संन्यासिनी 1897 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी वारली. तिथली एक भगिनी तिला अजिबात रुचत नसे. तेरेसाने ठरवून तिची जमतील तेवढी कामं केली, उलट बोलायची ऊर्मी आली की नुसतं हसून वेळ निभावली. शेवटी त्या भगिनीनेच विचारलं, ‘माझ्यात तुम्हाला एवढं काय आवडतं?’